सैनिकाचे रक्त आणि 'खात्रीचे' रक्त
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



उद्या सकाळी याच सभागृहात रक्तदान शिबिर भरावयाचे असल्याने आज आम्ही त्या विषयावर चार शब्द बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची इच्छा दिसली. रक्तदानाची थोरवी गाण्यासाठी मात्र आम्ही उभे राहिलेलो नाही. ती थोरवी आपण सर्व जाणता. एरवी वर्षानुवर्षे शिबिरे भरली नसती. आम्हांस बोलावयाचे आहे ते गेल्या वार्षिक सभेत आलेल्या एका सूचनेविषयी. आपल्या ज्ञातीतील जे तरुण सैन्यात आहेत, किंवा सैन्यातून निवृत्त होऊन परत आले आहेत, त्यांची नावे, पत्ते व रक्तगट यांची एक स्वतंत्र यादी या स्मरणिकेत छापावी, म्हणजे कोणा कुटुंबावर प्रसंग आला असता 'खात्रीचे रक्त' घरच्या घरी मिळेल, अशी ती सूचना होती. सभेने ती टाळ्यांच्या गजरात उचलून धरली, आणि निर्णय मात्र यंदावर ढकलला. सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. शिवाय ज्यांची मुले सीमेवर उभी आहेत अशी कुटुंबे आपल्यांत आहेत, याचा अभिमान आम्हांसही तुमच्याइतकाच आहे. परंतु 'खात्रीचे' या एका शब्दापाशी आमचे मन अडते, आणि का अडते ते सांगण्यासाठी आम्ही आपला थोडा वेळ घेणार आहोत.

या शब्दाच्या पोटात दोन समजुती आहेत. सैनिकाचे रक्त निकोप असते ही पहिली, आणि आपल्या माणसाचे रक्त परक्याच्या रक्तापेक्षा निकोप असते ही दुसरी. दोन्ही समजुती जुन्या आहेत, दोन्ही गोड आहेत, आणि दोहोंची परीक्षा इतिहासाने फार मोठी किंमत घेऊन केलेली आहे.

रक्तदानाचे शास्त्र सैन्यातच वाढीस लागले, असे म्हटले तरी चालेल. व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली मानवी रक्ताचे गट दाखवून दिले. १९१४–१५ च्या सुमारास सायट्रेट घातल्यास रक्त गोठत नाही हे समजले. आणि या दोन शोधांचा पहिला मोठा उपयोग झाला तो पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर. १९१७ साली ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकन लष्करी डॉक्टराने फ्रान्समध्ये काचेच्या बाटल्यांत रक्त साठवून, बर्फ घातलेल्या पेट्यांतून ते आघाडीजवळच्या इस्पितळांत नेले. रक्त देणारे कोण? किरकोळ जखमी झालेले, हाताशी असलेले शिपाईच. तरुण, धट्टेकट्टे, आणि हुकूम पाळणारे. काही ठिकाणी रक्त देणाऱ्यास रजा मिळत असे. खंदकातल्या चिखलात महिनेच्या महिने काढलेल्या माणसास रजेचे मोल काय वाटत असेल, ते वेगळे सांगावयास नको. आणि अशा माणसास 'बाबा रे, पूर्वी तुला कोणता रोग झाला होता काय?' असे विचारले असता तो काय उत्तर देईल, हेही सांगावयास नको. त्या काळी रक्तातून पसरणाऱ्या रोगांपैकी डॉक्टरांना मुख्यतः उपदंशाची धास्ती असे. त्याची वासरमान तपासणी १९०६ पासून उपलब्ध होती. रक्त घेण्याआधी दात्याची तपासणी करावी, हा विचार सैन्यातही तेव्हापासूनचाच आहे. तो सैनिकाच्या अप्रतिष्ठेसाठी केलेला नव्हता. त्याच्या शेजारच्या खाटेवरील सैनिकाच्या प्राणासाठी केलेला होता.

परंतु ज्या रोगाचे नावही ठाऊक नाही त्याची तपासणी करणार कशी? १९४२ साली नेमका हाच प्रश्न उभा राहिला, आणि तो प्रसंग आम्ही जरा विस्ताराने सांगू इच्छितो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा तिचे सैनिक उष्ण कटिबंधात जाणार हे ठरलेले होते. तेथे पीतज्वराची भीती. म्हणून लक्षावधी सैनिकांना पीतज्वराची लस टोचण्यात आली. लस टिकावी म्हणून तिच्यात मानवी रक्तरस मिसळलेला होता, आणि तो रक्तरस दिला होता एका नामांकित वैद्यकीय संस्थेतील विद्यार्थ्यांनी, परिचारिकांनी व डॉक्टरांनी. यापेक्षा सुशिक्षित, स्वच्छ राहणीचे आणि विश्वासू दाते कोठे मिळावयाचे? पण त्यांच्यापैकी काहींना पूर्वी कावीळ होऊन गेलेली होती. १९४२ च्या वसंतऋतूत छावण्याछावण्यांतून सैनिकांचे डोळे पिवळे पडू लागले. सुमारे पन्नास हजार सैनिक इस्पितळात पडले. शत्रूची एक गोळीही न झाडता एवढी फौज आडवी झाली. लस देणे थांबवून रक्तरसाविना तयार केलेली लस वापरात आणली गेली, आणि साथ ओसरली.

ती कावीळ कोणत्या विषाणूने केली हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नव्हते. १९६५ साली बरूक ब्लूमबर्ग यांनी एका ऑस्ट्रेलियन आदिवासी गृहस्थाच्या रक्तात सापडलेल्या एका चमत्कारिक प्रथिनाविषयी लिहिले, आणि पुढे ते हेपॅटायटिस बी या विषाणूचेच अंग असल्याचे ठरले. त्यासाठी त्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मग चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या वृद्ध सैनिकांना शोधून काढून त्यांचे रक्त तपासण्यात आले. त्याचा निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाला. १९४२ मध्ये जे आजारी पडले होते त्यांच्यापैकी शंभरांत सत्त्याण्णवांच्या रक्तात हेपॅटायटिस बी होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. पण त्याहून बोलकी गोष्ट पुढेच आहे. ज्यांनी तीच लस घेतली पण जे आजारी मुळीच पडले नव्हते, त्यांच्यापैकीही शंभरांत सुमारे पंचाहत्तरांच्या रक्तात त्याच खुणा होत्या. एकंदर सुमारे तीन लक्ष तीस हजार सैनिकांना तो संसर्ग झाला असावा असा अंदाज त्यावरून काढला गेला. म्हणजे पन्नास हजार इस्पितळात गेले, आणि त्यांच्या पाचपट माणसांना आपल्याला काही झाले आहे याचा पत्ताही लागला नाही! ते कवायत करीत होते, हसतखेळत होते, आणि कोणी विचारले असते तर छाती पुढे काढून रक्तही देते झाले असते. संसर्ग प्रौढ वयात झालेला असल्याने त्यांच्यापैकी बहुतेकांच्या शरीराने तो विषाणू कालांतराने हटविला, हे त्यांचे नशीब.

याच १९४२ साली अमेरिकेत आणखी एक गोष्ट घडत होती, आणि ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून ती सांगणे आम्हांस विशेष अवश्य वाटते. सैन्यासाठी रक्त जमविण्याचे काम तेथे रेडक्रॉस करीत होती. प्रथम काळ्या नागरिकांचे रक्त घेण्यासच नकार देण्यात आला. ओरड झाल्यावर जानेवारी १९४२ पासून ते घेऊ लागले, पण निराळ्या चिठ्ठ्या लावून, निराळे ठेवून. हा भेद १९५० पर्यंत चालू राहिला. ज्यांनी १९४० साली ब्रिटनसाठी रक्तद्रव जमविण्याच्या कार्याची वैद्यकीय धुरा वाहिली ते डॉक्टर चार्ल्स ड्र्यू स्वतः कृष्णवर्णीय होते, आणि या भेदास शास्त्राचा कोणताही आधार नाही असे त्यांचे स्पष्ट मत होते. पाहा कसा विपरीत योग आहे! बाटलीवर वंशाची चिठ्ठी अगदी काळजीपूर्वक चिकटविली जात होती, आणि ज्या गोष्टीने माणसे आजारी पडत होती तिची चिठ्ठी कोणत्याच बाटलीवर नव्हती.

त्या युद्धात अनेक दात्यांचा रक्तद्रव, ज्याला प्लाझ्मा म्हणतात, एकत्र मिसळून, वाळवून, त्याची भुकटी डब्यांतून रणांगणावर पाठवीत. युक्ती नामी होती. असंख्य प्राण तिने वाचविले. पण तिच्यातला धोका साध्या हिशेबाने कळण्यासारखा आहे. शंभर दात्यांत एकच जण विषाणू बाळगून आहे असे धरा. एका दात्याचे रक्त घेतले तर धोका शंभरात एक. पन्नास जणांचे मिसळून घेतले तर त्या मिश्रणात निदान एक दूषित बाटली असण्याचा संभव शंभरात चाळीसच्या आसपास जातो. पाचशे जणांचे मिसळले तर ते मिश्रण दूषित असणार हे जवळजवळ ठरलेलेच. कोरियाच्या युद्धात (१९५०–५३) या मिश्र रक्तद्रवापासून होणाऱ्या काविळीचे प्रमाण इतके डोळ्यांवर आले की त्याचा वापर मागे पडला. दात्यांत रोगाचे प्रमाण 'अगदी थोडे' आहे एवढे कळून भागत नाही, ते थोडे कोठे जाऊन मिळते हेही पाहावे लागते, हा धडा त्यातून मिळाला.

आता कोणी म्हणेल, या सर्व लशीच्या व भुकटीच्या गोष्टी झाल्या. प्रत्यक्ष सैनिकांच्या अंगात रोगाचे प्रमाण किती असते ते सांगा. सांगतो. १९४८ ते १९५४ या काळात अमेरिकेतील वायोमिंग राज्याच्या वॉरन विमानदल तळावर घशाच्या एका रोगाचा अभ्यास चालू होता, आणि त्यासाठी तरुण रंगरुटांचे रक्त घेऊन त्यातील रक्तरस गोठवून ठेवण्यात आला होता. हेपॅटायटिस सी हा विषाणू तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. तो १९८९ साली ओळखला गेला, आणि त्या शोधासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन व चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या जुन्या बाटल्या शोधून काढून तपासल्या, तेव्हा ८५६८ तरुणांपैकी १७ जणांच्या रक्तात त्या विषाणूच्या खुणा निघाल्या. म्हणजे हजारी दोन. प्रमाण थोडे आहे, हे आम्ही मुद्दाम मान्य करतो. पण ते सतरा जण उरलेल्यांपेक्षा दिसावयास निराळे होते काय? मुळीच नाही. तेही वैद्यकीय परीक्षेत उत्तीर्ण होऊनच भरती झाले होते. वैद्यकीय परीक्षा दृष्टी पाहते, छाती मोजते, धावणे पाहते. १९५० सालच्या कोणत्याही परीक्षेस त्यांच्या रक्तातील तो विषाणू सापडला नसता.

दुसरा आकडा एच. आय. व्ही. चा. १९८५ च्या मार्चमध्ये त्या विषाणूची रक्ततपासणी अमेरिकेत उपलब्ध झाली, आणि ऑक्टोबरपासून सैन्यात भरती होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाची ती तपासणी सुरू झाली. पहिल्या सहा महिन्यांत ३,०६,०६१ उमेदवार तपासले गेले. त्यांपैकी ४६० जणांत संसर्ग आढळला. हजारी दीड. हे सर्व स्वतःहून पुढे आलेले तरुण होते, आणि त्यांतील बहुतेकांना आपल्या स्थितीची कल्पना नव्हती. ज्यांच्यात संसर्ग आढळला त्यांना सैन्यात घेतले गेले नाही. तेव्हा सैनिकांच्या रक्तात रोगाचे प्रमाण इतर समाजाहून कमी आढळले, तर त्याचे श्रेय गणवेशास द्यावयाचे की दारावरील चाळणीस द्यावयाचे, याचा विचार आपणच करावा.

येथे एक पोटविषय, पण घरोघरी उपयोगी पडेल असा. त्याच तपासणीच्या अनुषंगाने, जेथे संसर्ग फार विरळ होता अशा भागांतील १,३५,१८७ उमेदवारांच्या निकालांची फेरतपासणी करण्यात आली. अंतिम निकालात केवळ एकच माणूस चुकीने बाधित ठरला होता. पण हा अंतिम निकाल म्हणजे पहिल्या चाचणीमागून दुसरी, तिच्यामागून तिसरी, पुन्हा नवे रक्त घेऊन चौथी, अशा पायऱ्या चढून आलेला निकाल होता. पहिल्याच चाचणीवर थांबले असते तर शेकडो निरोगी तरुणांच्या कपाळी डाग लागला असता. रोग जितका विरळ, तितकी पहिल्या चाचणीतील खोटी नोंद अधिक, असे हे गणित आहे. म्हणून रक्तपेढीतून कोणास 'पुन्हा तपासणीस या' असे बोलावणे आले, तर तो निकाल समजू नये. आणि दुसऱ्या कोणास आल्याचे कानी आले, तर मुळीच समजू नये.

सैनिकांच्या बाबतीत आणखी एक विशेष आहे, तो त्यांच्या भटकंतीचा. १९९१ च्या आखाती युद्धानंतर परतलेल्या काही अमेरिकन सैनिकांत काळ्या आजाराच्या जातीच्या परजीवी जंतूचा संसर्ग आढळला. तेव्हा त्या भागात सेवा केलेल्या सर्वांनाच रक्तदानास बंदी करण्यात आली, आणि ती १९९२ अखेरपर्यंत टिकली. युरोपातील तळांवर १९८० ते १९९६ च्या दरम्यान राहिलेल्या सैनिकांना वेड्या गाईच्या रोगाच्या भयास्तव दूर ठेवले होते; ती बंदी २०२० साली उठली. यांतील बहुसंख्य माणसे ठणठणीत होती. तरीही 'तूर्त तुमचे रक्त नको' असे त्यांना सांगितले गेले, आणि त्यांनी ते मानले. आपल्याकडे हिवतापाच्या प्रदेशातून आलेल्या जवानाच्या बाबतीत हाच विचार असतो. त्यात त्याच्या शौर्याचा काडीचाही अवमान नाही. तो ज्या मातीत व ज्या डासांत राहून आला, तिचा व त्यांचा तो विचार आहे.

हे सर्व असूनही सैन्यात आजही सैनिकांचे ताजे रक्त सरळ घेऊन दिले जाते काय? जाते, पण केव्हा ते पाहावे. इराक व अफगाणिस्तान येथील युद्धांत अनेकदा एकाएकी इतके जखमी येत की साठविलेले रक्त पुरत नसे. अशा वेळी तळावरील सैनिकांना बोलावून तिथल्या तिथे त्यांचे रक्त घेऊन दिले जाई. इंग्रजीत त्यास 'चालती रक्तपेढी' अशा अर्थाचे नाव आहे. तेथे पूर्ण तपासणीस वेळ नसतो. नंतर रक्त घेतलेल्यांची पाहणी झाली तेव्हा हेपॅटायटिस सी चा संसर्ग या मार्गाने झाल्याचे एक उदाहरण सापडले. पुढे २०१० मध्ये अफगाणिस्तानात एच. टी. एल. व्ही. या दुसऱ्या एका विषाणूचेही सापडले. शेकडो प्राण वाचले त्या मानाने ही संख्या अल्प आहे, आणि रक्त न देता माणूस तासाभरात मेलाच असता, तेव्हा तो सौदा योग्यच होता. परंतु पुण्यामुंबईच्या इस्पितळात, जेथे तपासून ठेवलेले रक्त मिळू शकते, तेथे केवळ 'खात्रीचे' म्हणून यादी पाहून फोन फिरविणे, म्हणजे रणांगणावरील नाइलाज घरात आणून बसविणे होय.

आता आम्ही आपल्या देशाकडे वळतो. एके काळी आपल्याकडे रक्त विकणारे धंदेवाईक दाते रक्तपेढ्यांच्या दाराशी उभे असत. ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने तो प्रकार बंद करण्याचा आदेश दिला, आणि १ जानेवारी १९९८ पासून तो बंद झाला. आज प्रत्येक बाटलीवर पाच तपासण्या सक्तीच्या आहेत: एच. आय. व्ही., हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, उपदंश आणि हिवताप. यांपैकी हेपॅटायटिस सी ची तपासणी २००१ पासूनची. २०१५ साली देशभर जमा झालेल्या रक्तात हेपॅटायटिस बी हजारी सुमारे नऊ, हेपॅटायटिस सी हजारी तीन-चार, उपदंश हजारी दोनच्या आत आणि एच. आय. व्ही. हजारी दीडच्या आत आढळला. हे सर्व दाते, आपल्या मते निरोगी होते म्हणूनच, बाह्या सरसावून बसले होते.

तपासण्या असूनही एक फट राहतेच. संसर्ग झाल्यापासून तो तपासणीत दिसेपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे जातात. नॅट नावाची नवी तपासणी ही फट पुष्कळ अरुंद करते, पण ती सर्वत्र होत नाही, आणि तिनेही फट पूर्ण बुजत नाही. त्या अवधीत रक्त घेणाऱ्याचे रक्षण करणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे दात्याने दिलेले खरे उत्तर. गेल्या काही महिन्यांत गोंदवून घेतले काय, कोणाची सुई वा वस्तरा वापरला काय, परक्या संबंधातून धोका ओढवला असण्याचा संभव आहे काय, कावीळ झाली होती काय, असे प्रश्न तेथे विचारले जातात.

आणि सज्जनहो, आमच्या भाषणाचा गाभा येथे आहे. खरे उत्तर कोण देऊ शकतो? ज्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक आहे, तोच. पलटणीत सुभेदारसाहेबांनी 'रक्त देणाऱ्यांनी एक पाऊल पुढे यावे' असे म्हटले, आणि सारी रांग पुढे आली, तर मागे एकटा उभा राहण्याचे धैर्य कोणाच्या अंगी असेल? शत्रूच्या गोळीपुढे उभे राहणारा जवान सोबत्यांच्या नजरेपुढे उभा राहू शकत नाही. म्हणूनच अनेक देशांतील रक्तपेढ्यांनी अशी सोय ठेवली, की दात्याने सर्वांदेखत रक्त द्यावे, पण 'माझे रक्त वापरू नका' अशी खूण गुप्तपणे करावी, आणि कोणासही न कळता ती पिशवी बाजूस काढली जावी.

आता आपले शिबिर डोळ्यांपुढे आणा. दाराशी चिटणीस उभे, हातात नावांची वही. शेजारी काकासाहेब, मामासाहेब. प्रश्न विचारणारे मेज सभागृहाच्या मध्यभागी, आणि त्याच्यामागे रांगेत भावी सासरे! अशा ठिकाणी कोणता तरुण खरे उत्तर देईल? आणि रक्त न देता परत फिरला, तर संध्याकाळपर्यंत किती घरांत त्याची चर्चा होईल? ही टीका नव्हे. शिबिर उत्साहाने भरवितो म्हणून हे घडते. परंतु छापील यादीने हाच संकोच वर्षभर टिकविला जाईल. यंदा नाव छापले, पुढील वर्षी रक्तपेढीने त्यास काही कारणाने थांबविले, आणि नाव गळले, तर लोक काय तर्क करतील? कारण साधे हिवतापाचे असेल, औषधाचे असेल, फसव्या चाचणीचे असेल. मुलींच्या व मुलांच्या लग्नाच्या बैठकी जेथे याच स्मरणिकेची पाने चाळून ठरतात, तेथे गळलेले एक नाव काय करील, हे आम्ही आपणांस सांगावे असे नाही. वास्तविक विश्वासाने मिळालेली कोणाची एच. आय. व्ही. विषयीची माहिती उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. पण गळलेले नाव काहीही न सांगता सर्व काही सांगते, आणि पुष्कळदा खोटे सांगते.

दुसऱ्या समजुतीविषयी थोडक्यात. आपल्या माणसाचे रक्त अधिक चांगले, ही ती समजूत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मॅसेडोनियाच्या आघाडीवर लुडविक व हांका हिर्शफेल्ड या पोलिश डॉक्टर दांपत्याने अनेक राष्ट्रांच्या हजारो सैनिकांचे रक्तगट तपासले. त्यांत हिंदी शिपाईही होते. त्यांच्यात बी गटाचे प्रमाण सर्वांत अधिक निघाले, परंतु चारही गट प्रत्येक राष्ट्रात सापडले. एकच गट असलेले राष्ट्र नाही. एकच गट असलेली ज्ञाती तर नाहीच. आपल्यातील सख्ख्या भावांचे गट जुळत नाहीत, आणि रस्त्यावरील अनोळखी माणसाचा जुळतो, हे आपण इस्पितळात पाहिलेलेच आहे. याहून विशेष म्हणजे, अगदी जवळच्या रक्ताच्या नातेवाइकाचे रक्त कधी कधी अधिक धोक्याचे ठरते. त्यातील पांढऱ्या पेशी रोग्याच्या शरीरास इतक्या ओळखीच्या वाटतात की शरीर त्यांना हटवीत नाही; त्या तेथे मुक्काम करून रोग्याच्याच शरीरावर उलटतात. हा प्रकार विरळा आहे, पण झाल्यास बहुधा प्राण घेतो, आणि म्हणून आईबाप, मुले व भावंडे यांचे रक्त द्यावयाचेच झाल्यास त्यावर किरणांची प्रक्रिया करावी लागते. तेव्हा 'बापाचेच रक्त द्या' असा आग्रह डॉक्टराजवळ धरू नये.

कोणी विचारील, इतके भय दाखविल्यावर रक्त देण्यास कोण येईल? भय दाखविण्याचा आमचा हेतूच नाही. ज्या रोगांची नावे आम्ही घेतली त्यांपैकी हेपॅटायटिस बी ची लस आहे, आणि ती २०११ पर्यंत सर्व राज्यांतील बालकांच्या लसीकरणात आली. त्याआधी जन्मलेल्यांनी आपल्या डॉक्टरांस विचारून ती घ्यावी. हेपॅटायटिस सी आता बहुतेकांचा सुमारे तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, आणि २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तो उपचार विनामूल्य आहे. एच. आय. व्ही. असलेला माणूस नियमित औषधांवर दीर्घ आयुष्य जगतो. शिबिरात रक्त दिल्याने ज्यास आपला आजार वेळेवर कळला, तो भाग्यवानच म्हणावयाचा. मात्र केवळ तपासणी करून घेण्यासाठी कोणी रक्तदानास येऊ नये. त्यासाठी सरकारी इस्पितळांत स्वतंत्र केंद्रे आहेत, तेथे नाव गुप्त राहते, आणि त्या फटीच्या अवधीत घेतलेले रक्त दुसऱ्याच्या अंगात जात नाही.

आता कार्यकारी मंडळापुढे आमची विनंती. सैनिक सभासदांची यादी स्मरणिकेत छापू नये; त्यांचा गौरव करावयाचा तो त्यांच्या सेवेचा करावा, आणि तो जरूर करावा. ज्या कुटुंबास रक्त हवे असेल त्यास दात्याचा नव्हे, तर परवानाप्राप्त रक्तपेढ्यांचा पत्ता व दूरध्वनी द्यावा. ते एक पान खुशाल छापावे. उद्याच्या शिबिरापुरते बोलावयाचे, तर प्रश्न विचारण्याचे मेज व्यासपीठामागील लहान खोलीत मांडावे, दार लावून घ्यावे, आणि आत रक्तपेढीचे डॉक्टर व दाता यांव्यतिरिक्त कोणी, चिटणीससुद्धा, जाऊ नये. रक्त दिले असो वा नसो, खोलीतून बाहेर येणाऱ्या प्रत्येकास चहा, बिस्किटे व तेच छापील आभारपत्र मिळावे. आणि रक्तपेढीकडून संस्थेस एकूण पिशव्यांच्या संख्येखेरीज काही कळविले जाऊ नये. रक्तपेढीच्या मंडळींशी आमचे याविषयी बोलणे झाले आहे. त्यांची तयारी आहे.

शिबिर सकाळी आठ वाजता सुरू होईल. उपाशीपोटी कोणी येऊ नये. न्याहारी करून, पाणी पिऊन यावे. पुरुषांनी मागील तीन महिन्यांत व भगिनींनी मागील चार महिन्यांत रक्त दिले असल्यास उद्या देऊ नये. लहान खोलीतील मेज व खुर्च्या आज रात्रीच हलविण्यासाठी चार स्वयंसेवक हवे आहेत. त्यांनी सभा संपताच आमच्याकडे नावे द्यावीत.